टरबुजावर पाणी नको, मटणावर दूध नको... पोट नेमकं कशानं बिघडतं?

मृगबहार

मंडळी, उन्हाळा लागला की आमच्या घरात ताटावर पहारा बसतो. टरबुजावर पाणी प्यायचं नाही. मटणावर दूध नाही. काकडीवर ताक नाही. संत्रं खाल्लं की तासभर दूध नाही. रात्री दही नाही, शेंगदाण्यावर पाणी नाही. सासूबाईंची यादी वेगळी, आईची वेगळी, शेजारच्या काकूंची तिसरीच. तिन्ही एकदम पाळल्या तर भर उन्हात लेकरांनी पाणी प्यायचं तरी कधी?

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. नागपुरातल्या आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे वसाहतीत, लग्नसराईत एका जेवणानंतर बऱ्याच जणांना रात्री उलट्या आणि जुलाब झाले. दुसऱ्या दिवशी साऱ्यांच्या तोंडी एकच निदान: मठ्ठ्यावर रबडी वाढली, आंबटामुळे दूध पोटात फाटलं. रबडी मांडवात किती वेळ होती, हे कुणी विचारलंच नाही. त्यातच एका घरी लहान मुलाला पाणी देणं बंद केलं, कारण 'पाणी दिलं की जुलाब वाढतात'. मुलगा बरा झाला, पण ती गोष्ट आठवली की अजून जीव घाबरा होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. दोन पदार्थांच्या जोडीवर ठपका ठेवला की चौकशी तिथेच थांबते आणि खरं कारण पुढच्या मांडवात पुन्हा हजर असतं. या नियमांची टिंगल करायची नाही. काही शास्त्रात असतील, काहींना शरीराचा आधार असेल, काही नुसतेच चालत आले असतील. आपापल्या घरचा नियम लिहा, आणि त्यामागे मोठी माणसं काय कारण सांगतात तेही लिहा. वैद्य, डॉक्टर, आहारतज्ज्ञ, आचारी, जे कुणी इथे असतील त्यांनी नक्की बोलावं.

इतवारीची_सून

माझं माहेर वर्ध्याचं. तिथे आमरसात दूध घालत नाहीत; रसावर तूप आणि चिमूटभर सुंठ, बस. सासरी रस दुधात घोळल्याशिवाय पानात येत नाही. दोन्ही घरची माणसं रस खाऊन दुपारी झोपतात आणि संध्याकाळी ठणठणीत उठतात. आंबे मात्र दोन्हीकडे सकाळपासून पाण्यात. देठाजवळचा चीक निघून जातो म्हणून, असं आई सांगायची, आणि तो चीक ओठाला लागला की फोड येतात हे खरंच आहे.

एक प्रश्न. दिरांना शिकरण खाल्लं की पोट गुडगुडतं, वारा सरतो. सासरे म्हणतात, केळं आणि दूध एकत्र म्हणून. पण त्यांना नुसत्या दुधानंही तेच होतं हे मी पाहिलंय. दह्या-ताकानं काही होत नाही. असं का?

तर्री_पोहे

संत्र आणि दूध एका ठिकाणी चालत नाही म्हनता, मंग आपली संत्रा बर्फी काय हाय राजेहो? खवा दुधाचाच ना. गावाले जाताना साऱ्या पाहुन्यायच्या हातात आपन तेच देऊन राहिलो. त्यानं कोनाचं पोट बिघडलं असं म्या तरी ऐकलं नाही.

प्रयोगशाळेतून

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. एकेक घेतो.

आधी दूध फाटण्याचं. दुधातलं केसीन हे प्रथिन, आम्लता वाढून पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६च्या आसपास आला की गुठळी धरतं. संत्र्याचा रस त्याहून आंबट, म्हणून पेल्यात दूध फाटताना दिसतं. पण जठरातला रस संत्र्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो, पीएच साधारण १.५ ते ३.५. नुसतं दूध प्यायलं तरी ते तिथे फाटतंच, आणि फाटायलाच हवं. त्या गुठळीतली प्रथिनं मग सावकाश पचतात. तान्ह्या बाळानं टाकलेलं दूध दह्यासारखं असतं, हे प्रत्येक आईनं पाहिलेलं आहे. 'पोटात दूध फाटलं' हे वाक्य खरं आहे. त्यामुळे आजार होतो, हे खरं नाही. संत्रा बर्फीचं उत्तर यातच आलं.

इतवारीच्या ताईंच्या दिरांचं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लॅक्टेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. लहानपणी ते भरपूर असतं, पुढे जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांत ते कमी होत जातं. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी त्यातलं बरंचसं काम आधीच केलेलं असतं, म्हणून दही सोसतं. खात्री करायची तर एके दिवशी नुसतं दूध द्या, दुसऱ्या दिवशी नुसती केळी. केळ्यावरचा आळ तिथेच निघून जाईल, असं मला वाटतं.

आता टरबूज, कारण मेमध्ये सर्वात जास्त नुकसान याच नियमामुळे होतं. टरबुजात ९२ टक्के पाणीच असतं. त्यावर पेलाभर पाणी प्यायल्यानं पोटात वेगळं असं काही घडत नाही. अर्धं टरबूज एकट्यानं खाल्लं तर पोट फुगतं, एखाद्याला पातळ शौचही होते, कारण त्यातली फळशर्करा एकदम जास्त आली की सगळ्यांनाच शोषता येत नाही. तो प्रमाणाचा प्रश्न झाला.

खरी भीती कापलेल्या टरबुजाची आहे. संत्रं आंबट असतं, त्यात जिवाणू सहजी वाढत नाहीत. टरबूज जवळजवळ आंबट नसतंच, त्यात साखर आणि पाणी, म्हणजे जिवाणूंना हवं ते सगळं तयार. फळ वाळूत-मातीत लोळलेलं असतं, सालीवर जे काही असेल ते सुरीबरोबर आत गरापर्यंत जातं, आणि मग त्या फोडी ४५ अंशांच्या उन्हात गाडीवर मांडलेल्या. खाली ठेवलेला बर्फ कुठल्या पाण्याचा, तेही माहीत नाही. २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम आहे, तेव्हा बर्फ निळसर दिसला तर ती फोड घेऊच नका. पण पांढरा आहे म्हणून पिण्याच्या पाण्याचाच असेल, असंही समजू नका. अशी फोड खाऊन वर पाणी प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी आजारी पडला की दोष पाण्याला.

कळमन्याच्या बाजारातून अख्खं टरबूज आणा, साल धुवा, स्वच्छ सुरीनं कापा, लगेच खा, उरलेलं फ्रीजमध्ये. वर हवं तेवढं पाणी प्या.

मृगबहार

प्रयोगशाळेतून, धन्यवाद. संत्र्याचा आंबटपणा त्याला राखतो आणि टरबुजाकडे ते कवच नाही, हे मला आज कळलं. आता मांडवातल्या रबडीबद्दलही सांगा ना. त्या रात्री काही जणांना जेवून घरी पोचेपोचेतोच उलट्या सुरू झाल्या, काहींना पहाटे जुलाब लागले.

प्रयोगशाळेतून

प्रत्यक्ष नमुने तपासल्याशिवाय त्या लग्नाबद्दल निश्चित काही म्हणता येणार नाही. पण वेळ ही फार मोठी खूण असते, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी.

जेवणानंतर १ ते ६ तासांत जोरदार उलट्या झाल्या, तर बहुतेक वेळा अन्नात आधीच तयार झालेलं विष असतं. दोन नेहमीचे आरोपी. एक स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो माणसाच्या नाकात, त्वचेवर, हाताच्या जखमेत असतो, हातातून खवा-रबडी-बासुंदीत जातो आणि उबेत वाढतो. दुसरा बॅसिलस सिरियस, भातातला. त्याचे बीजाणू भात शिजवला तरी मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते जागे होतात. या दोघांनी केलेलं उलटीचं विष पुन्हा उकळल्यानंही जात नाही. 'चांगली उकळी काढून वाढली होती' हे म्हणूनच पुरेसं नसतं.

८ ते १२ तासांनी पोटात कळा आणि जुलाब, उलटी फारशी नाही, असं असेल तर मी आधी मोठ्या पातेल्यातल्या दाट रश्श्याकडे पाहीन. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू तिथे वाढतो. पातेलं जितकं मोठं तितकं ते हळू निवतं, मधला भाग रात्रभर कोमट राहतो, आणि तळाशी हवाही नसते. त्याला तेच हवं असतं.

आणि आणखी उशिरा, ताप घेऊन जुलाब आले तर साल्मोनेला वगैरे मंडळी. त्यांना दोन-तीन दिवसही लागू शकतात. म्हणूनच 'काल रात्री काय खाल्लं' एवढंच आठवून चालत नाही, परवाचंही आठवावं लागतं.

यातल्या कुठल्याच प्रकारात मठ्ठा आणि रबडी एका ताटात होती की वेगळ्या, यानं फरक पडत नाही.

कोष्टीपुरा

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सावजी. आजी मटणाच्या रश्श्यानंतर दूध देत नसे. पण तिचा याहून कडक नियम असा की रस्सा रात्री उरवायचा नाही, आणि उरलाच तर लहान भांड्यांत काढून परातीतल्या पाण्यात गार करून ठेवायचा. मोठं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलेलं तिला खपत नसे. 'दडपला की आंबतो' एवढंच ती म्हणायची. वरचं वाचून तिचं म्हणणं आज पटलं.

दुधाचा नियम मात्र पुढच्या पिढीनं सोडला. बाहेरचं कुणी आलं आणि तिखट झोंबलं की आम्ही गार दूध किंवा दही देतो. पाण्यानं ती आग जात नाही.

आहारवर

कोष्टीपुरा, बरोबर करता. मिरचीतलं कॅप्सायसीन पाण्यात विरघळत नाही. दुधातलं केसीन त्याला धरून तोंडातून घेऊन जातं. सावजीवर दूध किंवा दही ही अगदी शहाणपणाची जोडी आहे.

सावजी खाऊन ज्यांची छाती जळते त्यांनी जेवणाची वेळ बघावी. तेल, सुकं खोबरं, खसखस, मटण, म्हणजे स्निग्धांश भरपूर. असं जेवण जठरातून सावकाश पुढे सरकतं. रात्री अकराला जेवून साडेअकराला आडवं झालं की आम्ल वर येतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवले तर निम्म्या तक्रारी कमी होतात, असं मी रोज पाहते.

वैद्य_धंतोली

विषय निघालाच आहे तर शास्त्रात काय आहे ते नीट मांडतो, कारण शास्त्राच्या नावावर बरंच काही खपतं.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात विरुद्ध आहाराचं विवेचन आहे. मासे आणि दूध हे त्यातलं पहिलं आणि प्रसिद्ध उदाहरण. कारण असं दिलंय की दोन्ही मधुर, पण मासे उष्ण वीर्याचे, म्हणजे उष्ण परिणामाचे, आणि दूध शीत. तिथेच पुढे काय घडतं ते फार थोड्यांना माहीत असतं: चर्चेतला भद्रकाप्य नावाचा ऋषी उठून म्हणतो की एक चिलिचिम मासा सोडला तर बाकी सगळे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही. शिकवणारे गुरू आत्रेय ते मान्य करत नाहीत. म्हणजे या जोडीबद्दल त्या काळीही जाणकारांत एकमत नव्हतं आणि ग्रंथानं तो मतभेद लपवलेला नाही.

दुधाबरोबर वर्ज्य म्हणून जी फळं दिली आहेत त्यांत आंबा, केळं, जांभूळ, फणस, नारळ, डाळिंब, आवळा आहेत, आणि एकूणच आंबट पदार्थ आहेत. मुळा, लसूण, शेवगा, तुळस खाऊन वर दूध घेऊ नये असंही आहे. सर्दीला तुळस घालून दूध पाजणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. मध आणि तूप समप्रमाणात नको, हे मात्राविरुद्ध, म्हणजे प्रमाणामुळे विरुद्ध. पंचामृतात दोन्ही असतात, पण प्रमाण सारखं ठेवत नाहीत. रात्री दही नको, हा नियम सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे, आणि तिथेच तूप, साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्याशिवाय दही खाऊ नये असंही म्हटलं आहे. टरबूज आणि पाणी, शेंगदाणे आणि पाणी हे मला तिथे कुठे सापडलेलं नाही. भुईमूग तर आपल्याकडे फार नंतर आला.

आता मला ज्यावर भर द्यायचा आहे ते. विरुद्धाचे चरकांनी अठरा प्रकार सांगितले आहेत. दोन पदार्थांची जोडी, म्हणजे संयोगविरुद्ध, हा त्यातला केवळ एक. देशविरुद्ध आहे: कोरड्या प्रदेशात रूक्ष आणि तीक्ष्ण पदार्थ. कालविरुद्ध आहे: उन्हाळ्यात तिखट आणि उष्ण. क्रमविरुद्ध आहे: भूक नसताना जेवणं. हे तिन्ही नागपूरच्या मे महिन्याला लावून बघा. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वात कडक नऊ दिवसांत, भर दुपारी, भूक मेलेली असताना, आग्रहाखातर तर्रीवर ताव मारणं हे शास्त्राच्या दृष्टीनं तिहेरी विरुद्ध आहे. त्याला घरात कुणी हटकत नाही. मासे-दुधाला मात्र सगळे घाबरतात.

आणि त्याच अध्यायात अपवादही दिले आहेत. जे सवयीनं सात्म्य, म्हणजे अंगवळणी, झालं आहे, जे थोड्या प्रमाणात खाल्लं आहे, ज्याचा अग्नी प्रखर आहे, जो तरुण आहे, व्यायाम करणारा आणि बलवान आहे, त्याला विरुद्ध अन्न बाधत नाही. इतवारीच्या घरातला दुधातला आमरस तिथे सात्म्य झालेला आहे. मी तो बंद करायला सांगणार नाही.

कोकणातून_नागपूर

वैद्यबुवा, मला तुम्हालाच विचारायचं आहे. मी रत्नागिरीकडची, लग्नानंतर इथे आले. आमच्याकडे मासळीवर सोलकढी रोजची, पण ते नारळाचं दूध, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही. इथे शेजारी बंगाली कुटुंब आहे, त्यांच्याकडे दह्यातला मासा सणाला करतात.

माझ्या मावशीला तरुणपणी कोड आलं. तेव्हापासून जो भेटेल तो विचारायचा, 'मासे खाऊन दूध प्यायली होतीस का?' तिचं लग्न ठरता ठरता मोडलं. 'पोरीनं पथ्य पाळलं नाही' असं तिच्या आईला तोंडावर ऐकवलं गेलं. मावशी मासे सोडून बसली, मग दूध सोडलं. डाग काही गेले नाहीत. तिनं स्वतःच हे ओढवून घेतलं असं तिला आजही वाटतं. शास्त्रात खरंच असं आहे का?

वैद्य_धंतोली

ताई, उत्तर सरळ देतो. विरुद्ध आहारानं होणाऱ्या विकारांची जी लांब यादी आहे तीत किलास, म्हणजे पांढरे डाग, आहे. त्याच यादीत आंधळेपणा, उदर (पोटात पाणी साठणं), भगंदर, उन्माद, ग्रहणी (पचनाचा जुनाट विकार) असं कितीतरी आहे. एका ग्रंथातल्या एवढ्या मोठ्या यादीतला एक शब्द उचलायचा, अपवादाचा श्लोक वगळायचा आणि एका मुलीच्या माथी मारायचा, याला मी शास्त्र म्हणणार नाही.

माझ्याकडे कोडाचा रुग्ण आला तर मी त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवतो आणि सोबतच्या नातेवाइकांना बसवून सांगतो की हा संसर्गानं पसरत नाही आणि यात रुग्णाचा दोष नाही.

प्रयोगशाळेतून

त्यात भर घालतो. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशींवर, म्हणजे मेलॅनोसाइट्सवर, उलटते आणि त्या नष्ट होतात. काही घरांत आनुवंशिक कलही असतो. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानं हे घडतं याला पुरावा नाही. मासे मुळीच न खाणाऱ्या घरांतही कोड होतं. आज यावर औषधं आहेत, प्रकाशोपचार आहेत, डॉक्टरांना दाखवायला उशीर झाला असं समजू नका. कोकणातून_नागपूर, मावशींना हे वाचून दाखवा. त्यांनी काहीही ओढवून घेतलेलं नाही.

कोकणातून_नागपूर

आज रात्रीच फोन करते.

मांडवातला_आचारी

मी लग्नाची कामं घेतो. वरचं सगळं वाचलं. आमची बाजूही ऐका. यजमान म्हणतात रबडी संध्याकाळीच मांडून ठेवा, फोटोत दिसली पाहिजे. वरात येते दहाला. पंगत उठते बाराला. म्या कितीदा सांगितलं की गार पदार्थ थोडाथोडा काढू, तर म्हणतात कमी पडल्यासारखं दिसते. गोळाभाताचा भात पण दुपारीच शिजवून ठेवायचा आग्रह असते. मेमध्ये किती वेळ बाहेर ठेवलं तर चालते, ते एकदा आकड्यात सांगा. मी पुढच्या यजमानाले दाखवतो.

प्रयोगशाळेतून

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सर्वात कामाचा आहे. जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये वाढतात. गरम पदार्थ ६० च्या वर गरमच ठेवायचा, गार पदार्थ ५ च्या खाली गारच. मधल्या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त नाही, हा सर्वसाधारण नियम. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मेमध्ये रात्री आठलाही त्याहून जास्त असतं, म्हणजे तुम्हाला एकच तास धरावा लागेल.

रबडीच्या लहान बरण्या बर्फात ठेवा, एक संपली की दुसरी काढा. संपलेल्या बरणीत नवी रबडी ओतू नका. वाढणाऱ्याच्या हाताला जखम असेल तर त्याला दुसरं काम द्या. भात दोन-तीन खेपांत लावा. दुपारचाच ठेवायचा असेल तर उथळ परातीत पसरून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये टाका, झाकलेल्या डेगीत नको.

मांडवातला_आचारी

बर्फाच्या बरण्या जमतात. भाताच्या दोन खेपांले एक माणूस जास्त लागते, त्याचा खर्च यजमानाले सांगावा लागेल. सांगतो.

मृगबहार

दादा, आमच्या घरी पुढच्या वर्षी कार्य आहे. त्या जास्तीच्या माणसाचे पैसे आम्ही देऊ.

जुलाब लागल्यावर पाणी बंद करण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. कृपा करून लिहा.

आहारवर

लिहिते, आणि हे सगळ्यांनी घरच्या ग्रुपवर पाठवा.

जुलाबात माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पाणी बंद केलं तर जुलाब थांबत नाहीत, शरीर आणखी सुकतं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हातानं रुग्णांना पाजायला लावलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्या घरातला ओआरएस म्हणजे तेच पाणी.

पुडी असेल तर त्यावर लिहिल्याइतक्याच पाण्यात सगळी एकदम कालवा, अर्धी-पाव नको. नसेल तर १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या लहान चमच्यानं सपाट ६ चमचे साखर, त्याच चमच्यानं सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर मुलाला अपाय होतो, म्हणून मापानंच घाला. प्रत्येक जुलाबानंतर घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. मऊ भात, वरणाचं पाणी, ताक, केळं चालतं. लहान मुलांना डॉक्टर १४ दिवस झिंकही देतात, ते जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका.

शौचात रक्त, डोळे खोल जाणं, मूल मलूल होणं, सहा-आठ तास लघवी नाही, यातलं एकही दिसलं तर घरी थांबू नका. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, जे जवळ असेल तिथे न्या.

सोले_आमटी

वरच्या इतक्या गंभीर चर्चेत लहानसा प्रश्न. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी आणि वर वांग्याची भाजी झाली की घरात सगळ्यांना वायू धरतो. सोले आणि वांगं एकत्र नको, असं आत्या म्हणतात. खरं आहे का?

आहारवर

वांग्याचा काही दोष नाही. तूर, हरभरा, बरबटी यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडायचं विकर माणसाच्या शरीरात नसतंच, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या फोडतात आणि वायू होतो. वाळल्या कडधान्याला रात्रभर भिजवून ते पाणी टाकून देणं आणि चांगलं शिजवणं हाच उपाय. सोल्यांची वाटी निम्मी करून पाहा, हिंग-जिरं आपण घालतोच. वरण-भात एकत्र खाऊ नये, प्रथिनं आणि पिष्ट वेगळी हवीत, असंही हल्ली व्हिडिओत सांगतात. ते मनावर घेऊ नका. स्वादुपिंड तिन्ही प्रकारची विकरं एकदम सोडतं. डाळीत जे कमी असतं ते तांदळात मिळतं आणि तांदळात कमी असलेलं डाळीत. हा मेळ गरिबातल्या गरीब घरालाही परवडतो, तो मोडू नका.

इतवारीची_सून

मग खरंच टाळावी अशी एकही जोडी नाही का? सासूबाईंना थायरॉइडची गोळी आहे, नणंदेला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. दोघी सकाळी चहाबरोबरच घेतात.

आहारवर

आहेत ना, आणि तुम्ही नेमक्या त्याच लिहिल्या. चहातली टॅनिन्स लोह धरून ठेवतात, ते रक्तात जात नाही. नणंदेची गोळी चहापासून तासा-दोन तासांच्या अंतरानं, लिंबूपाण्याबरोबर किंवा संत्र्याबरोबर द्या, क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं. पोह्यांवर लिंबू पिळता ते म्हणूनही चांगलं. पोह्यांबरोबरचा चहा तेवढा त्यांनी थोडा उशिरा घ्यावा.

सासूबाईंची थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, आणि मग निदान अर्धा ते एक तास चहा-दूध नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविकं दुधाबरोबर घेऊ नयेत, दुधातलं कॅल्शियम त्यांना बांधून ठेवतं. आणि रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी असलेल्यांनी मेथी-पालक एक दिवस भरपूर आणि मग आठवडाभर अजिबात नाही, असं करू नये. रोजचं प्रमाण सारखं ठेवावं.

इतवारीची_सून

सासूबाईंना दाखवलं. उद्यापासून गोळी पाचला उठल्याबरोबर आणि चहा सहाला, असं त्यांनीच ठरवलं. नणंदेची गोळी दुपारी जेवणानंतर संत्र्याबरोबर दिली तर चालेल ना? सकाळी तिला मळमळतं.

आहारवर

चालेल. उपाशीपोटी जरा जास्त शोषली जाते, पण मळमळ होऊन ती गोळीच सोडण्यापेक्षा जेवणानंतरची बरी. जेवणात दही-ताक असेल तर त्या दिवशी संध्याकाळी चारला द्या, आणि चारचा चहा साडेपाचला न्या.